कबड्डीच्या फ्लेक्ससाठी दणकट, कोनदार मराठी फॉन्ट हवाय. टेको बोल्ड वापरला, पण लांबून अक्षरं भरून जातायत

सांगलीकर_रेषा

नमस्कार मंडळी. मी शिकलेला डिझायनर नाही, नोकरी वेगळी आहे, पण आमच्या मंडळाची पत्रकं, फ्लेक्स, स्टेटसला टाकायचे फोटो हे सगळं गेली पाच-सहा वर्षं माझ्याकडेच असतं आणि मनापासून करतो. यंदा शिवजयंतीला मंडळाची खुली कबड्डी स्पर्धा ठेवलीय, मॅटवर. अध्यक्षांचं म्हणणं असं की अक्षर बघितल्या बघितल्या चढाई आठवली पाहिजे, गोलमटोल लग्नपत्रिकेतलं वळण नको. इंग्रजी जर्सीवर ते कोपरे छाटलेले ठोकळेबाज आकडे असतात ना, तसं काहीतरी मराठीत.

बरंच शोधून टेको सापडला, फुकट पण आहे, त्यातला बोल्ड लावला. मोबाईलवर एकदम खणखणीत दिसलं, ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांनी पसंत केलं, म्हणून वीस बाय दहाचा एक फ्लेक्स नमुना म्हणून काढून चौकात लावला आणि रस्ता ओलांडून पलीकडून बघितलं तर पोटात गोळाच आला. दोन ओळी आहेत, वर 'भव्य खुली' आणि खाली 'कबड्डी स्पर्धा'. 'स्पर्धा'तला ध सरळ घ दिसतोय, 'भव्य'चं 'मव्य' झालंय, 'कबड्डी'त ड खाली ड येतो तिथे खालचा ड म्हणजे नुसता डाग, आणि 'खुली'चा उकार खाली येऊन बरोबर 'स्पर्धा'च्या रफारावर बसलाय. लाल अक्षर, त्याला पिवळी आउटलाईन, मागे काळं.

अजून आठ फ्लेक्स, पत्रकं आणि बारा खेळाडूंच्या जर्सी व्हायच्यात, म्हणजे सुधारायला वेळ आहे. प्रश्न दोन आहेत. याच्यापेक्षा बरा कोनदार फॉन्ट मराठीत आहे का? का चूक फॉन्टची नाहीच, माझीच आहे?

---

टाईपवेडी_पुणे

चांगला प्रश्न आहे आणि नमुना आधी काढलास हे फार बरं केलंस. फॉन्ट चुकीचा नाहीये, पण तो ज्या कामासाठी केलाय त्याच्या जरा बाहेर तू नेलायस. टेको हा इंडियन टाईप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा, २०१४ मध्ये आलेला, मनुषी पारिख यांनी केलेला फॉन्ट. मुळात स्क्रीनवरच्या मोठ्या मथळ्यांसाठी आहे. रेघांची जाडी सगळीकडे जवळपास सारखी, चौकोनी बांधणी, अक्षरं एकमेकांना अगदी खेटून. त्यातला बोल्ड तर एखाद-दुसऱ्या शब्दासाठीच आहे, तू चार शब्द लावलेस आणि त्यात दोन अवघड जोडाक्षरं.

कोनदार जाड अक्षर इंग्रजीत सोपं का जातं आणि आपल्याकडे का अडतं हे एकदा डोळ्यासमोर आण. इंग्रजी कॅपिटल H घे, दोन उभ्या रेघा आणि एक आडवी, आत मोकळी जागा भरपूर, कितीही जाड कर. आपल्याकडे आधी शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी नाहीतर रफार, खाली उकार, आणि मधल्या पट्टीत ध ची गाठ, भ ची गाठ, ब च्या पोटातली तिरकी रेघ. जाडी वाढवली की ती बाहेर पसरत नाही, आतल्या पोकळ्या खाते. आणि वळणाच्या जागी कोन आला की पोकळी अजून लहान होते, कारण वळण हळूहळू वळतं, कोन एकदम आत घुसतो. ध आणि घ मधला फरक म्हणजे डावीकडची ती गाठ आणि शिरोरेषेच्या मधली फट, बास. ती फट बुजली की घ झालाच.

आता तुला दोन गोष्टी विचारते. एक, वीस फूट रुंदी भरायला अक्षर आडवं खेचलंस का? टेको अरुंद आहे, दोन शब्दांत एवढी रुंदी भरत नाही, त्यामुळे मला दाट शंका आहे. खेचलं की उभ्या रेघा जाड होतात आणि शिरोरेषा तशीच राहते, सगळा तोल जातो. दोन, ती पिवळी आउटलाईन अक्षराच्या कडेवर मधोमध आहे का? तशी असेल तर निम्मी आउटलाईन अक्षराच्या आत आणि निम्मी पोकळीत जाते, आणि पोकळीत गेलेली निम्मी हीच तुझी खरी चोर आहे.

पर्याय म्हणशील तर त्याच फाउंड्रीचा 'खंड' नावाचा फॉन्ट बघ. तो पण आटोपशीर, ठाम, मथळ्यांसाठीच आहे पण त्याच्या पोकळ्या मुद्दाम खूप मोकळ्या ठेवल्यात, त्यामुळे लांबून टिकतो. त्यांचाच 'राजधानी' अजून चौकोनी आहे, यंत्रावर बनवल्यासारखा, पण तो मला कबड्डीपेक्षा रोबोटिक्सच्या स्पर्धेला जास्त शोभेल असं वाटतं, मातीचा वास नाही त्याला. हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, म्हणजे फ्लेक्स, जर्सी, पत्रक कशावरही बिनधास्त वापर, फक्त फॉन्टची फाईल सुटी विकायची नाही.

---

सांगलीकर_रेषा

ताई, दोन्ही खरं आहे. आडवं साधारण दीडपट खेचलंय, आणि आउटलाईन कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती जाडी वाढवून दिली होती, मध्ये का बाहेर हे बघितलंच नाही.

---

जुना_पेंटर_मिरज

मी ३० वर्षं पाट्या रंगवल्या, दुकानांच्या, ट्रकच्या, निवडणुकीच्या भिंती, आखाड्याच्या कुस्त्यांचे बोर्ड तर किती केले त्याचा हिशोब नाही, म्हणून यात बोलतो. पोरा, फॉन्ट शोधत बसू नकोस, तुला शब्द चारच आहेत, ते काढ. फॉन्टवाल्याला हजार शब्दांत चालेल असा ध करावा लागतो, तुला फक्त 'स्पर्धा'तला ध करायचाय.

चौकटीची वही घे. अक्षराची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत दहा चौकटी धर. उभी रेघ दोन चौकटी जाड, आडवी दीड. आडवी कमी का, तर आपल्या डोळ्याला आडवी रेघ जाड भासते, दोन्ही सारख्या काढल्या तर शिरोरेषा डोक्यावर ओझं ठेवल्यागत दिसते. आणि आतली पोकळी कुठेही सव्वा चौकटीच्या खाली जाऊ द्यायची नाही. हा नियम सगळ्यात वरचा. रेघ आणि पोकळी यांच्यात भांडण लागलं तर रेघेनं माघार घ्यायची.

आता ध. ध, भ, थ या तिघांची शिरोरेषा डावीकडे तोडायचीच, ती गाठीवरून जाता कामा नये. शाळेत गुरुजी हेच सांगायचे, आता लोक विसरलेत. मी पाटीवर ही तोड चांगली दोन चौकटी ठेवायचो, जवळून जरा जास्त वाटते पण पन्नास पावलांवरून ती बरोब्बर होते. गाठ म्हणजे भरीव ठोकळा करायचा नाही. कोपरा छाटलेला एक लहान हूक काढायचा, आत भोक नसलं तरी चालेल पण वर हवा पाहिजे. भ ला पण तेच, नाहीतर म होणार.

ब ची तिरकी रेघ पोटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली की जाड अक्षरात दोन बारीक त्रिकोण उरतात आणि दोन्ही बुजतात. मी ती रेघ निम्मीच काढायचो, एका कोपऱ्यातून निघून मधे थांबलेली, खिळा ठोकल्यासारखी. वाचणारा तिला ब च म्हणतो, व कोणी म्हणत नाही. करून बघ.

ड्ड चं अवघड आहे खरं. काही जण पाय मोडून शेजारी-शेजारी लिहितात, वाचायला सोपं पडतं, पण पाय मोडलेला ड घेऊन कबड्डी हा शब्द मैदानात उतरलेला मला कधी पटला नाही. वरचा ड सहा चौकटीत बसव, त्याचं पोट एका कोनात आत वळव आणि त्या कोनाच्या टोकातूनच खालचा ड सुरू कर, त्याला वेगळी मान देऊ नको. खालचा शेवट पायाच्या रेषेच्या खाली तीन चौकटी गेला तरी जाऊ दे, त्या जागेत खाली दुसरी ओळ आणू नकोस म्हणजे झालं. शब्दाच्या मधोमध तो एक ठोका खाली उतरलेला दिसतो, जसा चढाईवाला वाकून पाय टाकतो तसा. तुमच्या अध्यक्षांना जे पाहिजे ते यात आहे, कोपरे छाटण्यात नाही.

आणि कोपरे कुठल्या बाजूला छाटायचे ते पण ठरवून घे. सगळे एकाच दिशेने. आम्ही चपटा ब्रश धरायचो तो तिरका, बोरू कसा धरतात तसाच, त्यामुळे रेघेचं टोक आपोआप एकाच तिरक्यात कापलं जायचं, ठरवावं लागायचंच नाही. कॉम्प्युटरवर लोक चारी कोपरे सारखे छाटतात मग अक्षर नट-बोल्टसारखं दिसतं, हलत नाही. कमल शेडगे यांची नाटकांची अक्षरं बघ, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत दोन इंची जागेत यायची, पण शब्द कुठल्या स्वभावाचा आहे ते अक्षरावरून कळायचं. २०२० मध्ये गेले ते. मी त्यांची कात्रणं अजून ठेवलीत.

---

टाईपवेडी_पुणे

काका, तुमचा हा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवला. ब्रशच्या कोनाचं तुम्ही जे लिहिलंत ते इतकं खरं आहे. जर्मनीत रुडॉल्फ कोख यांनी १९२३ मध्ये नॉयलांड नावाचा टाईप केला, जाड, ओबडधोबड, कोनदार. त्यांनी आधी कागदावर चित्रं काढलीच नाहीत, थेट धातूत कोरत गेले, त्यामुळे हत्यार जिथे जसं वळलं तसा कोन अक्षरात आला, आणि वेगवेगळ्या मापांतली अक्षरं एकमेकांपेक्षा थोडी वेगळीच आहेत. शंभर वर्षं झाली तरी त्याच्यात जोर आहे तो त्यामुळे. आपल्याकडे यात्रा वन नावाचा फॉन्ट आहे, कॅथरीन ली श्मिट यांनी केलेला, तो रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय, विशेषतः मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या. त्यात त्या तिरक्या ब्रशचा कोन देवनागरीत तर आहेच पण इंग्रजी अक्षरांना पण तोच कोन दिलाय. मी दादरला प्लॅटफॉर्मवर उभी राहून पाट्यांचे फोटो काढायचे तेव्हा लोक विचारायचे काय शोधताय म्हणून.

सांगलीकर, तुला वेळ असेल तर काका म्हणतात तसं मुख्य नाव हाताने काढ आणि बाकीचा मजकूर, म्हणजे तारीख, स्थळ, बक्षिसं, हे खंडमध्ये लाव. सगळंच कोनदार ओरडणारं केलं तर कोणी काहीच ऐकत नाही.

---

रेडियम_आणि_जर्सी

जर्सीचं मी सांगतो, माझं रेडियम कटिंग आणि हीट प्रेसचं दुकान आहे.

कोनदार अक्षर आम्हाला आवडतं कारण कापायला सोपं, पण एक लक्षात ठेव. टोकदार कोपरा कपड्यावर आधी सुटतो. खेळाडूची जर्सी कबड्डीत ओढली जाते, ताणली जाते, क्रिकेटसारखं नाही ते, सहा-सात जण अंगावर पडतात. म्हणून डिझाईन देताना बाहेरचा प्रत्येक कोपरा अर्धा मिलिमीटर गोल करून दे. डोळ्याला तो कोनच दिसतो पण टोक उचलत नाही. दुसरं, जिथे पोकळी दोन मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तिथे आतला तुकडा सोलून काढताना शेजारची रेघ पण निघून येते. पाठीवरची नावं लहान असतात, त्यात 'ज्ञानेश्वर' आलं की ज्ञ ला आम्ही हात जोडतो. नावांना बोल्ड वापरूच नका, मिडियम बास.

बजेट असेल तर सब्लिमेशनच करा, रंग कपड्यातच उतरतो, सुटायचा प्रश्न नाही आणि पोकळ्यांची काळजी पण कमी. बारा जर्सींना फार फरक पडत नाही.

आकडे इंग्रजी ठेवा. पंच आणि गुणलेखक लांबून बघतात. कोपरे छाटलेल्या फॉन्टमध्ये 0 आणि 8, 5 आणि 6 हे इंग्रजीत पण मिसळतात, 5 चं तोंड किती उघडं आहे ते बघूनच फॉन्ट निवडा. टेकोचे आकडे या बाबतीत मला चांगले वाटतात, आम्ही बरेच वापरतो, पण पाठीवर मोठे करायचे, खेचायचे नाहीत.

---

पाकळीचा_ल

फॉन्टवर एवढी चांगली चर्चा चाललीय तर एक गोष्ट राहायला नको. 'खुली'तला ल आणि 'शिवजयंती'तला श कुठला येतोय ते बघितलंत का? बऱ्याच फॉन्टमध्ये डिफॉल्ट हिंदी वळणाचा ल येतो, तो उभ्या दांड्याचा, आणि श पण तसाच. आपला ल पाकळीचा आणि श शेंडीफोड्या. राज्य शासनाच्या २०२२ च्या मराठी वर्णमालेच्या निर्णयात पण हीच रूपं धरलीत. जाड कोनदार अक्षरात हा फरक अजूनच उठून दिसतो कारण पाकळीच्या ल ला दोन सरळ सरळ पाकळ्या असतात, त्यांना कोन फार छान बसतो, मधोमध एक टोक येतं. दांड्याचा ल मला तिथे नेहमी परका वाटतो.

काही फॉन्टमध्ये मराठी रूपं आत दडलेली असतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपोआप बदलतात. तुमच्या फॉन्टमध्ये आहेत का ते 'लाल शाल' असं टाईप करून एका मिनिटात कळेल. नसतील तर हाताने काढताना तरी आपलं वळण ठेवा हो. गावातली पोरं वर्षभर तोच फ्लेक्स बघणार, त्यांच्या डोळ्यात तेच बसतं.

---

सांगलीकर_रेषा

ल कडे खरंच लक्ष नव्हतं. दांड्याचाच आलाय. बदलतो.

अजून एक अडचण. मी युनिकोडमध्ये टाईप करून फाईल दिली तर फ्लेक्सवाल्याकडे उघडल्यावर रफार एक अक्षर मागे गेला आणि वेलांट्या सुट्या झाल्या. तो म्हणाला श्रीलिपीत, म्हणजे त्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाईप करून आण. श्रीलिपीत मला हवं ते वळण नाही.

---

टाईपवेडी_पुणे

त्याच्याकडे जुनं कोरल असणार. एक्स ६ या आवृत्तीच्या आधीच्या कोरलमध्ये युनिकोड देवनागरीची जोडणी नीट होत नाही, म्हणून हे होतं. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये पण वर्ल्ड-रेडी वाला पर्याय चालू नसेल तर हाच गोंधळ. इंकस्केप हे डिझाईनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात मराठी जोडाक्षरं बरोबर येतात, तिथे लावून बघ.

कुठेही कर, पण छापायला देताना मजकूर कर्व्ह करून दे, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून दे, मग समोरच्याकडे फॉन्ट असो नसो, अक्षर हलत नाही. कर्व्ह करायच्या आधी शुद्धलेखन दोन जणांकडून वाचून घे कारण नंतर टाईप करून सुधारता येत नाही. आणि आउटलाईन देताना कोरलमध्ये बिहाइंड फिल टिक कर, म्हणजे आतली निम्मी रंगाच्या मागे जाते. तरीसुद्धा पोकळीत पिवळा शिरेलच, म्हणून मी तर आउटलाईन फक्त संपूर्ण शब्दाच्या बाहेरच्या कडेला ठेवेन, पोकळ्यांत काळाच राहू दे.

---

सांगलीकर_रेषा

कळवायला उशीर झाला, माफ करा. चार रात्री बसलो. काकांनी सांगितलं तशी चौकटीची वही घेतली आणि 'कबड्डी स्पर्धा' एवढंच काढलं, फोटो काढून इंकस्केपमध्ये त्यावरून रेघा ओढल्या. दहा चौकटींत पहिल्यांदा ड्ड बसेना, वरचा ड सहाऐवजी साडेपाचवर आणला तेव्हा खालच्याला जागा मिळाली. ब ची रेघ निम्मी ठेवली. ध ची तोड दोन चौकटी ठेवली तर स्क्रीनवर मला अक्षर तुटल्यासारखं वाटत होतं, रात्री दोनदा कमी केली आणि दोनदा परत आणली, शेवटी ए-थ्रीच्या चार कागदांवर शब्द प्रिंट काढून गच्चीच्या भिंतीला लावला आणि खाली रस्त्यावर जाऊन बघितला. तिथून तोड दिसतच नव्हती, नुसता ध दिसत होता.

छाट सगळीकडे उजवीकडून वर अशी एकाच तिरक्यात ठेवली. 'भव्य खुली' खंडमध्ये लहान करून डावीकडे वर नेलं, त्यामुळे त्याचा उकार आता 'कबड्डी'च्या ब वर येतो, रफाराच्या वाटेला जातच नाही. त्या फॉन्टचा ल माझ्याकडे भाषा बदलूनही आला नाही म्हणून 'खुली' कर्व्ह करून पाकळ्या हाताने जोडल्या, रेघेची जाडी शेजारच्या ख ला लावून मोजली. पिवळा फक्त बाहेरून. जर्सी सब्लिमेशनवर दिल्या, नावं मिडियममध्ये, आणि आमच्यात ज्ञानेश्वर खरंच आहे एक, राईट कॉर्नरला खेळतो, त्याचं नाव मी आधी प्रिंट काढून बघितलं, ज्ञ आला व्यवस्थित.

काल संध्याकाळी पहिला नवीन फ्लेक्स चौकात लागला. अध्यक्ष पलीकडच्या टपरीवर चहा घेत बसले होते, तिथूनच त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला, तारखेसकट. पेंटर काका, तुम्ही मिरजेतच असाल तर फायनलला या, नक्की या. ब तुम्हाला जवळून दाखवायचाय, कारण त्याच्या निम्म्या रेघेचं टोक मी सरळ कापलंय आणि आता वाटतंय तिरकं हवं होतं.

---

जुना_पेंटर_मिरज

येतो. तिरकंच पाहिजे ते. पत्रकात सुधारून घे, फ्लेक्सला राहू दे.